इकडचं विल, तिकडचं विल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विलबद्दल चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून वाहायला लागला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आले तेवढेच घेतलेत आणि पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका. आणि आधीच सांगून ठेवते, हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे प्रोबेटला, म्हणजे विल खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याला, कन्फर्मेशन म्हणतात आणि विलमध्ये काहीही लिहिलं असलं तरी नवरा-बायको आणि मुलांचा जंगम मालमत्तेत ठरावीक हक्क असतोच, तेव्हा एडिनबरा-ग्लासगोवाल्यांनी हे वाचून सही करायला बसू नये.

पत्रं वाचताना एक गंमत दिसली. आपण तिकडून येताना लोणच्याच्या बरणीबरोबर काही शब्दपण घेऊन आलोय, विल, नॉमिनी, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी वगैरे, आणि इथे तेच शब्द कानावर पडले की आपल्याला वाटतं हे तर माहितीये. घोळ होतो तो तिथेच.

प्रश्न : ताई, मी २००९ साली नाशिकला विल केलं होतं, तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, सगळं आई-बाबांच्या नावे. सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवलंय. २०१३ ला लग्न झालं, आता इथे घर आहे, दोन मुलं आहेत. नोंदवलेलं विल आहे म्हटल्यावर इथे परत करायची गरज आहे का? (स्लाऊ)

आहे, आणि याच महिन्यात करून टाका.

इथल्या १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टप्रमाणे लग्न झालं की आधीचं विल आपोआप रद्द होतं, ते विल त्याच लग्नाचा विचार करून केलंय असं त्यात लिहिलं असेल तरच वाचतं. आपल्याकडे हिंदूंच्या विलला हा नियम नाही, तिकडे लग्नानंतरही जुनं विल उभंच राहतं. मग तुमचं रद्द झालं की नाही? लग्नाच्या वेळी तुमचं डोमिसाइल, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा कायमचा देश, कुठलं धरायचं यावर ते अवलंबून, आणि तो वाद दोन वकील आनंदाने दोन वर्षं घालतील, तुमच्याच पैशांनी. दोन्ही उत्तरं तुमच्या बायकोला त्रासाचीच आहेत हे बघा. विल जिवंत धरलं तर सगळं आई-बाबांना, मग बायकोने १९७५ च्या इनहेरिटन्स अ‍ॅक्टखाली कोर्टात जाऊन सासू-सासऱ्यांसमोर उभं राहायचं. रद्द धरलं तर विल नसल्याचे नियम लागतात, म्हणजे बायकोला घरातल्या वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातलं अर्धं, बाकी अर्धं मुलांना १८ वर्षांची झाल्यावर. समजा तुमच्या एकट्याच्या नावे ५ लाख पौंडांची मालमत्ता असेल तर बायकोला ४,११,००० आणि मुलांचे ८९,००० बाजूला. आणि आई-बाबांना शून्य, ज्यांच्यासाठी तुम्ही विल केलं होतं त्यांना काहीच नाही.

नोंदणीचं म्हणाल तर इथे सब-रजिस्ट्रारसारखा प्रकार नाही. विल खरं ठरतं ते सह्यांनी, शिक्क्याने नाही.

आता यातली मोठी खाच. नाशिकची जमीन किंवा फ्लॅट असेल तर तिकडच्यासाठी वेगळं आणि इकडच्यासाठी वेगळं अशी दोन विल ठेवणं सोयीचं पडतं, पण इथल्या छापील नमुन्यात पहिलंच वाक्य असतं की मी आधीची सगळी विल रद्द करतो. ते तसंच ठेवून सही केलीत की नाशिकचं विलपण गेलं. उलटंही होतं, गणपतीला घरी गेलात, तिकडच्या वकिलाकडून नवीन विल करून आलात आणि इथलं उडवून बसलात. तेव्हा प्रत्येक विलमध्ये स्वच्छ लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे.

प्रश्न : विल टाइप करून तयार आहे. साक्षीदार म्हणून मोठी मुलगी आणि जावई सही करायला तयार आहेत, घरचेच आहेत म्हणजे बाहेर बोभाटा नको. चालेल ना? (हॅरो)

काका, विल चालेल, पण मुलीला त्यातला एक पेनीही मिळणार नाही. विलमध्ये ज्याला काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने-बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली की बाकी विल शाबूत राहतं आणि फक्त त्याचा वाटा जातो. तुमच्याकडे तर दोघंही साक्षीदार, म्हणजे लेकीचं नाव दोनदा खोडल्यासारखं झालं. एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे वाटणी करून देणारं माणूस, मात्र मुलगी खुशाल होऊ दे, एक्झिक्युटरला वाटा मिळायला काही हरकत नसते, लोक या दोन गोष्टींची कायम गल्लत करतात. साक्षीदाराला आत काय लिहिलंय ते वाचायचा हक्क नसतो, त्याने फक्त तुम्ही सही करताना बघायचं असतं, त्यामुळे शेजारच्या इंग्लिश जोडप्याला बोलवा, त्यांना मजकुरावर कागद ठेवून फक्त सहीची जागा दाखवा, बोभाटा होत नाही.

आणि हे 'बघायचं' म्हणजे खरंच बघायचं. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी खोलीत हजर असताना तुम्ही सही करायची. भारतात दोन साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच पाहिजेत असं नाही, त्यामुळे आपल्या लोकांची इथे हमखास चूक होते. मी सॉलिसिटरच्या ऑफिसात नवीन असताना एक गृहस्थ विल घरी नेऊन सही करून घेऊन आले. सगळं नीट दिसत होतं. मी आपलं सहज विचारलं की कुठे केल्या सह्या, तर म्हणाले डायनिंग टेबलवर, शेजारी बसले होते, मी केली, त्यांनी केली, मग त्यांना मुलीला शाळेतून आणायचं होतं म्हणून ते गेले आणि अर्ध्या तासाने त्यांची मिसेस आली आणि तिने केली. झालं. अर्ध्या तासाने विल कागदाचा तुकडा झालं होतं. नवीन प्रिंट काढून तिथेच रिसेप्शनवाल्या दोघींसमोर परत केलं, ते विचारलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, पुढे कोणी भांडेपर्यंत.

अजून एक बारीक गोष्ट. फोटोकॉपी काढायला म्हणून विलची पिन कधीच उपटू नका. प्रोबेट रजिस्ट्रीला जुन्या पिनेची भोकं दिसली की त्यांना शंका येते की याला आणखी काही, म्हणजे कोडिसिलबिडिसिल (विलला नंतर केलेली पुरवणी), जोडलेलं होतं का, आणि मग ती भोकं कशी पडली याचं लेखी निवेदन मागतात. पेपरक्लिपचा गंजलेला डागसुद्धा पुरतो. पाटल्या कोणाला, तोडे कोणाला हे लिहून वेगळी चिठ्ठी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण विलला टाचू नका, नुसती त्याच पाकिटात सरकवा.

प्रश्न : प्रोबेटची कटकट आणि टॅक्स दोन्ही वाचवायला राहतं घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकावं म्हणतो. सात वर्षं जगलो की टॅक्स नाही असं एका मित्राने सांगितलं. (लेस्टर)

मित्राने अर्धंच सांगितलं. सात वर्षांचा नियम आहे, पण दिलेली वस्तू खरंच सोडावी लागते. घर मुलाला दिलं आणि तुम्ही त्याच घरात फुकट राहताय तर इनहेरिटन्स टॅक्सच्या, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणाऱ्या टॅक्सच्या, हिशोबाला ते तुमचंच धरतात, सात काय सतरा वर्षं झाली तरी. बाजारभावाने भाडं द्यायचं मुलाला दर महिन्याला? मग त्या भाड्यावर मुलाला इन्कम टॅक्स. शिवाय मुलगा तिथे राहत नसेल तर पुढे विकताना त्याला नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स, त्याचा घटस्फोट झाला तर घर त्याच्या मालमत्तेत मोजलं जाणार, आणि केअर होमची वेळ आली तर काउन्सिल म्हणू शकतं की फी चुकवायला मुद्दाम दिलंत.

आधी टॅक्स लागतोय का ते तरी बघा. प्रत्येकाला ३,२५,००० पौंडांपर्यंत माफ, राहतं घर मुला-नातवंडांना जात असेल तर वर १,७५,०००, नवरा-बायकोत जे एकमेकांना जातं त्यावर काहीच नाही आणि पहिल्याची न वापरलेली माफी दुसऱ्याला मिळते, म्हणजे जोडप्याला मिळून १० लाखांपर्यंत. त्याच्या वरच्या रकमेला ४० टक्के. घराची जास्तीची माफी भाच्या-पुतण्याला दिल्यास मिळत नाही, आणि मालमत्ता २० लाखांच्या वर गेली की ती कमी कमी होत जाते. बहुतेक घरं या १० लाखांतच बसतात, आणि ज्यांचं बसतं तेच जास्त घाबरलेले असतात असा माझा अनुभव आहे.

पुण्याचा फ्लॅट मोजायचा का असं याच पत्रात खाली बारीक अक्षरात विचारलंय. एप्रिल २०२५ पासून नियम असा की गेल्या २० टॅक्स वर्षांपैकी १० वर्षं तुम्ही इथले रहिवासी असाल तर जगभरातली मालमत्ता धरतात. भारत आणि ब्रिटनमध्ये १९५६ चा एक करार आहे, भारताने आपला इस्टेट ड्यूटीचा कायदा १९८५ मध्येच गुंडाळला तरी करार अजून कागदावर जिवंत आहे आणि काही लोकांना त्याचा फायदा होतो, पण तुम्हाला होईल का हे टॅक्सवाल्या सल्लागाराला पैसे देऊनच विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

प्रश्न : यजमानांना मागच्या महिन्यात डिमेन्शियाचं निदान झालं. सुरुवातच आहे, अजून सगळं कळतं. आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, आणि बँकेचं खातं, घर दोन्ही जॉइंट आहे. मुलगी म्हणते एलपीए करा. आणखी कागद कशाला? (रेडिंग)

मुलीचं ऐका. आणि लवकर ऐका.

आपल्याकडचं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समज जाते तेव्हा ते संपतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्याची खरी गरज पडणार त्याच दिवशी ते निकामी. इथलं साधं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीपण तसंच. एलपीए म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, ते समज गेल्यावरही टिकतं, नावातला 'लास्टिंग' त्यासाठीच. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टने आणलं, २००७ पासून चालू आहे.

तुम्हाला वाटतं बायको आहे, सही चालेल. इथे बायकोला तसा कुठलाही आपोआप अधिकार नाही. बँकेला कळलं की एकाची समज गेलीये तर जॉइंट खातंही ते काही काळ बांधून ठेवू शकतात. आणि डॉक्टर तुम्हाला विचारतील, तुमचं ऐकतील, पण कायद्याने शेवटचा शब्द तुमचा नसतो.

निदान झालं म्हणजे आता करता येत नाही असं नाही, हे मुद्दाम सांगते कारण लोक तिथेच हाय खातात. समज ही त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती बघतात. आपण कोणाला, कशाचा अधिकार देतोय आणि तो परत घेता येतो हे त्यांना सही करताना कळलं पाहिजे, आज वार कोणता हे विसरले तरी चालेल. सकाळी ते ताजेतवाने असतील तर सकाळचीच वेळ घ्या. एक सर्टिफिकेट प्रोव्हायडर लागतो, दोन वर्षं तरी नीट ओळखणारा मित्र किंवा डॉक्टर-सॉलिसिटरसारखं कोणी, घरचं माणूस चालत नाही. तो त्यांच्याशी बोलून खात्री करतो की कोणी दबाव आणत नाहीये, आणि हे बोलणं एकट्याने झालेलं चांगलं, तेव्हा तुम्ही पोह्यांची बशी घेऊन मध्येच आत जाऊ नका आणि 'अहो सांगा ना त्यांना' तर मुळीच म्हणू नका. तुमच्याकडे आत्ताच निदान लिहिलेला कागद आहे, त्यामुळे प्रोव्हायडर डॉक्टर किंवा सॉलिसिटर घेतलेला बरा, उद्या कोणी शंका काढली तर उपयोगी पडतो.

एलपीए दोन असतात. एक पैसा-घर-बँकेचं, एक तब्येतीचं आणि देखभालीचं. पैशांचं नोंदवून झालं की त्यांच्या परवानगीने लगेच वापरता येतं, तब्येतीचं फक्त त्यांची समज गेल्यावरच. तब्येतीच्या फॉर्ममध्ये जीव टिकवणाऱ्या उपचारांचा निर्णय अ‍ॅटर्नीने, म्हणजे ज्याला अधिकार दिलाय त्याने, घ्यायचा की नाही असा एक कप्पा आहे, तो त्यांनी स्वतः साक्षीदारासमोर सही करून निवडायचा असतो. त्या पानावर बरेच लोक थांबतात. थांबू द्या, चहा करा, दुसऱ्या दिवशी करा.

सह्यांचा क्रम चुकवू नका : आधी ते, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर, मग अ‍ॅटर्नी. एखाद्या मुलाने उत्साहाने आधी सही करून पाठवली की फॉर्म परत येतो. फॉर्म ऑनलाइन भरला तरी सह्या कागदावर. नोंदणीची फी नोव्हेंबर २०२५ पासून प्रत्येक एलपीएला ९२ पौंड, उत्पन्न कमी असेल तर सवलत आहे, आणि नोंदणीला आठ-दहा आठवडे धरून चाला. नोंदणी झाल्याशिवाय ते चालत नाही.

अ‍ॅटर्नी कोण? तुम्ही असाच, पण एकट्या नको, याचं एक कारण सहसा कोणी सांगत नाही. घर दोघांच्या नावे आहे. उद्या विकायचं झालं तर विक्रीचे पैसे घ्यायला निदान दोन माणसांच्या सह्या लागतात, आणि तुम्ही स्वतःसाठी एक आणि यजमानांची अ‍ॅटर्नी म्हणून एक अशा दोन्ही सह्या एकट्या करून चालत नाही. म्हणून मुलीलाही घ्या. आणि 'जॉइंटली अँड सेव्हरली' वर खूण करा, म्हणजे दोघी मिळून किंवा एकटी कोणीही. नुसतं 'जॉइंटली' केलंत तर दर बिलाला दोघींच्या सह्या आणि एकीला काही झालं तर सगळं एलपीएच बंद, पर्यायी अ‍ॅटर्नी नेमलेला नसेल तर.

अ‍ॅटर्नी झालात म्हणजे त्यांचे पैसे तुमचे झाले असं नाही हं. दिवाळी, वाढदिवस, लग्नकार्य याला त्यांच्या ऐपतीप्रमाणे नेहमीचा आहेर देता येतो, पण पुतण्याच्या फ्लॅटला २०,००० पौंड द्यायचे तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची, म्हणजे समज गेलेल्यांचे व्यवहार बघणाऱ्या कोर्टाची, परवानगी लागते, 'हे असते तर दिलेच असते' हे खरं असलं तरी.

हे सगळं नाही केलं तर? मग त्याच कोर्टात डेप्युटी, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार बघणारा, नेमायचा अर्ज, त्यात महिने जातात, हमीचा बाँड, दर वर्षी हिशोबाचा रिपोर्ट, देखरेखीची फी. ते करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, फाइल घेऊन येतात आणि खुर्चीवर बसताना आधी डोळे पुसतात.

तुमचं स्वतःचं पण याच वेळी करा. आणि पुण्याच्या कामांसाठी एलपीएवर भिस्त ठेवू नका, तिकडचे बँक मॅनेजर ते उलटसुलट करून परत देतील. तिकडची व्यवहारातली कामं यजमानांना कळतंय तोवर मार्गी लावा.

प्रश्न : बाबा गेले. विल आहे, मी एक्झिक्युटर. एक बँक प्रोबेट मागते, दुसरीने आईला पैसे तसेच दिले. आणि भारतातून काका विचारतायत वाटणी कधी. आता एलपीए वापरून पैसे काढू का? (मिल्टन कीन्स)

आधी शेवटचं. नाही. एलपीए माणसाबरोबर संपतं, त्याच क्षणी. कार्ड हातात आहे म्हणून काढू नका.

दुसऱ्या बँकेतलं खातं जॉइंट असणार, ते थेट आईचं झालं. घरही जॉइंट टेनंट म्हणून (इथे टेनंट म्हणजे भाडेकरू नाही, मालकच, आणि घर दोघांचं अखंड) असेल तर तेही, विलमध्ये काहीही लिहिलेलं असू दे. टेनंट्स इन कॉमन, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, असेल तर मात्र बाबांचा हिस्सा विलप्रमाणे जातो, लँड रजिस्ट्रीचा उतारा काढून बघा. एकट्या बाबांच्या नावचं जे आहे त्याला प्रोबेट, आणि किती रकमेपर्यंत बिनप्रोबेट द्यायचे हे प्रत्येक बँक आपलं आपलं ठरवते, म्हणून हा फरक. फी ३०० पौंड, ५,००० च्या आत असेल तर काही नाही. टॅक्स लागणार असेल तर मृत्यूच्या महिन्याअखेरपासून सहा महिन्यांत भरायला सुरुवात करावी लागते आणि तोही प्रोबेट हातात पडायच्या आधी, पैसे तर अडकलेले, पण बाबांच्या खात्यातून बँक थेट टॅक्सवाल्यांना भरू शकते, ते विचारा.

काकांना सांगा थांबा. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत कोणी वर आलेल्या १९७५ च्या इनहेरिटन्स अ‍ॅक्टखाली दावा लावू शकतं, आणि बाबांकडून ज्यांचं येणं असेल त्यांच्यासाठी लंडन गॅझेट या सरकारी पत्रात नोटीस दिलीत की निदान दोन महिने वाट बघायची. घाईने वाटून टाकलं आणि मागून कोणाचं देणं निघालं तर ते एक्झिक्युटरच्या म्हणजे तुमच्या खिशातून. काकांना हे फोनवर पटणार नाही, सॉलिसिटरचं पत्र पाठवा, लेटरहेड बघितलं की पटतं.

आता पटापट.

पेन्शनला नॉमिनी टाकलाय, पुरे का? : इथे तो एक्स्प्रेशन ऑफ विशचा फॉर्म असतो, नावाप्रमाणे इच्छाच, पेन्शनचे ट्रस्टी बहुतेक वेळा मानतात पण बांधील नसतात. नोकरी बदललीत तितके फॉर्म, सगळे तपासा, लग्नाआधीच्या पेन्शनवर अजून भावाचं नाव असलेले तिघं मला याच वर्षी भेटले. आणि ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली बरीचशी पेन्शन इनहेरिटन्स टॅक्सच्या हिशोबात येणार आहे.

मुलगा बारा वर्षं गर्लफ्रेंडबरोबर राहतोय, तिला हक्क असेलच ना? : विल नसेल तर काही नाही. कॉमन लॉ वाइफ नावाचा प्रकार इथल्या कायद्यात नाही, बारा काय तीस वर्षं राहिले तरी. कोर्टात मागता येतं, ते वेगळं.

आमची मुलं लहान आहेत, दोघांना एकदमच काही झालं तर? : विलमध्ये गार्डियन नेमा. आजी-आजोबा कोल्हापूरला असतील तर त्यांना नेमता येतं, पण ते व्हिसा काढून येईपर्यंत मुलं कोणाकडे राहणार तेही ठरवा, इथे जवळ राहणारं एखादं कुटुंब तात्पुरतं म्हणून लिहून ठेवा, आणि त्यांना आधी विचारा. एका बाईंनी न विचारता मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि मैत्रीण पुढच्याच वर्षी कॅनडाला गेली.